वळणातलं पायडल

भाचीला क्रायटेरियमसाठी सायकल घ्यायची होती आणि सायकलचं दुकान असलेला मामा तिला एकच, मी. तेव्हा निवड कोण करणार यावर चर्चा झालीच नाही. मी होऊ दिली नाही.

क्रायटेरियम म्हणजे बंद केलेल्या चार रस्त्यांवर एक किलोमीटरची फेरी, चाळीस वेळा. सगळा खेळ वळणांचा, आणि अख्खा घोळका अंगाला अंग लावून. पहिल्या तिघींत आली तर संघात जागा मिळणार होती. त्यासाठी पोरीने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

तिला साधी पांढरी सायकल आवडली. चक्कर मारून आली नि म्हणाली, "मामा, ही मस्त वळते रे."

"वळायला काय, हातगाडीही वळते," मी म्हणालो. ती हसली आणि पांढरी परत जागेवर लावून आली.

मी काळी निवडली. बुटकी, जमिनीलगत, वाऱ्याला कापत जाणारी. वर पायडलच्या दांड्या नेहमीपेक्षा लांब बसवल्या, म्हणजे जोर जास्त मिळतो. भाचीला स्टँडवरच्या सायकलीवर बसवून तासभर गुडघ्याचा कोन मोजला. सगळं तंतोतंत जुळलं, म्हणून स्वतःवरच खूश झालो. स्टँडवरची सायकल कधी कलत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मी शर्यती जिंकलो त्या सरळ हमरस्त्यावर. तिथे एखादं वळण आलं तर आम्ही पाय थांबवायचो. इथे वळणात पाय थांबवला की घोळका पुढे निघून जातो.

बाविसाव्या फेरीला ती चौथी होती. दुसऱ्या वळणात सायकल कलली, आतलं पायडल डांबराला टेकलं आणि मागचं चाक उचललं गेलं. मागच्या दोघी तिच्यावरच आदळल्या. मी कठड्यापाशी उभा होतो. पायडल डांबरावर घासल्याचा तो आवाज मला ओळखता आला, याची मला अजून किळस येते.

खुबा तीन ठिकाणी मोडला. चालता येईल, पण शर्यत विसरा, डॉक्टर म्हणाले.

"सायकलीत काही बिघाड होता का रे?" ताईने विचारलं. मी खाटेशेजारचा तांब्या भरायला घेतला.

"नाही गं आई, मीच घाई केली," खाटेवरून भाची म्हणाली.

ताई औषधं आणायला खाली गेली, तेव्हा मी धीर केला. "चूक माझी आहे. दांडी लांब झाली, म्हणून टेकली."

"माहितीये मला. सरावातही दोनदा टेकली होती."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढलाच. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.

भाचीने डोळे मिटून घेतले.

"कुणाला सांगणार होते, मामा? तुला?"