शोभा सकाळी काय खाते

गुणमाला मगदूमने शोभाचे सगळे संवाद वेगळ्या कागदावर उतरवून काढले, तेव्हा ते अकरा भरले. त्यातले पाच नुसते 'इश्श' होते. दोनदा 'जा बाई, तुम्ही भारीच' होतं. एकदा 'चहा आणू का?', एकदा 'भजी आणू का?', एक हुंदका आणि शेवटी 'मी तुमचीच आहे.' बेरीज तिने दोनदा तपासली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज उसाच्या रसात पाणी किती आणि साखर किती ते सांगायचा तिला पगार मिळत होता, त्यामुळे हात त्या कामाला बसला होता. शोभात साखर भरपूर होती. बाकी काही हाती लागत नव्हतं.

नाटक लिहिलं होतं टाइम ऑफिसातल्या जवाहर चौगुलेने. आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि तो दीड महिना पुण्याला मावशीकडे पडून होता. मावशीकडे टेलिव्हिजन होता. कावीळ उतरली, टेलिव्हिजन काही उतरला नाही. पलूसला परत आला तो 'आता टेलिव्हिजनसारखं लिहायचं' हेच घोकत. हंगाम संपला की कारखान्याचं स्नेहसंमेलन व्हायचं. दर वर्षी तिथे एखादं ऐतिहासिक नाहीतर रडकं नाटक होई. अठ्ठ्याहत्तर साली मात्र जवाहरचं विनोदी नाटक होणार होतं. त्यात नायक रमेश, म्हणजे स्वतः जवाहर. त्याचे दोन मित्र. एक तापट काका. आणि रमेशची प्रेयसी शोभा.

आता गोम अशी, की ह्याच जवाहरच्या घरून गुणमालासाठी मागणी आली होती. तिचे वडील धन्यकुमारअण्णा शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "संमेलन झालं की पाहुण्यांना निरोप धाडायचा हाय. हो का नाही, ते तू सांग. मी तुझ्यावर ढकलत नाही, पण मी तुझ्याऐवजी नांदायलाही जाणार नाही."

गुणमालाला जवाहर वाईट वाटत नव्हता. अक्षर स्वच्छ, पान-तंबाखू नाही, आणि हजेरीच्या खिडकीत बसून तो कुणावर खेकसत नसे. ती जवळजवळ 'हो'पर्यंत आली होती. तेवढ्यात शोभाचं काम तिच्याकडे आलं आणि नाटकाची वही हातात पडली. शोभाला चष्मा होता. शोभाची वेणी लांब होती. शोभा सायकलवरून यायची. ही हुबेहूब गुणमाला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दीड वर्षं हा माणूस आपल्याला रोज बघतोय, आणि बघून बघून त्याच्या हाती एवढंच लागलं, अकरा वाक्यं?

तालमीत वही धरायचं काम केरबाकडे होतं. केरबा कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाक शिजवून त्यातून साखरेचा दाणा पाडणारा. अंगापिंडाने पैलवान, पण गेली दहा वर्षं नाटकातली बाई तोच व्हायचा. यंदा खरी बाई मिळाली म्हणून त्याला पडद्याआड बसवून हातात वही दिली होती. त्याला त्याचा राग नव्हता, पण शोभाचा होता.

"गुणाक्का," दुसऱ्या तालमीला तो म्हणाला, "म्या ह्या स्टेजवर दोनदा बाळंतपणात मेलोय. एकदा हिरीत उडी टाकली, एकदा इनामदाराला इख घातलं. पर परत्येक बाईचं कायतरी हुतं. कुनाचं शेत, कुनाचं पोर, कुनाचं वैर. ह्या शोभीनं सकाळी काय खाल्लं, त्येबी वहीत न्हाई."

"मामा, हा विनोदी प्रकार आहे," जवाहर म्हणाला.

"म्हंजी विनोदात बायका उपाशी ऱ्हात्यात व्हय?"

गुणमालाने कागद पुढे केला. "चौगुले, शोभा रमेशला बागेत रात्री कांदाभजी देते. तिच्या घरी कांदा चालतो? रात्रीचं जेवण चालतं?"

जवाहरच्या स्वतःच्या जैन घरात कांदा नव्हता आणि दिवस मावळल्यावर चूल नव्हती. तो जरा गोंधळला. "टेलिव्हिजनवर देतात," तो म्हणाला. मग त्याला जोर आला. "तुम्ही एकदा टेलिव्हिजन बघा, मग बोला. सगळ्या पुण्याला हसू येतं, ते उगाच येत नाही."

बघायला हरकत नव्हती. न बघता मत देणं गुणमालाच्या शिस्तीत बसतच नव्हतं. केरबाची थोरली बहीण शालूबाई साताऱ्याला दिली होती. तिचे मालक सुभेदार मानसिंग फौजेतून निवृत्त झाले होते, आणि त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर बांधून पहिल्यांदा काय केलं, तर टेलिव्हिजन आणला. केरबामामा बरोबर आहेत म्हटल्यावर गुणमालाच्या आईने परवानगी दिली. गुरुवारी दुपारच्या एसटीने गुणमाला, जवाहर आणि केरबा साताऱ्याला पोचले. शालूबाईंनी गुणमालाला आणि जवाहरला उजेडातच जेवायला वाढलं, आणि मग सगळी मंडळी त्या पेटीसमोर बसली.

पुण्याजवळच्या डोंगरावरून निघालेलं चित्र साताऱ्यापर्यंत येता येता पार थकलेलं असे. त्यासाठी गच्चीवर तीस फुटी पाइपाला अँटेना बांधलेला होता. वाऱ्याने तो हळूहळू फिरे, मग पडद्यावर मुंग्या येत आणि आवाजाची खरखर होई. तेव्हा सुभेदार मोठा पाना घेऊन जिना चढत, पाइप फिरवत आणि वरून ओरडत, "आलं का?" खालून शालूबाई म्हणत, "आलं, आलं. आता हात लावू नगा."

विनोदी मालिका सुरू झाली. नायक होता, मित्र होता, घरमालक होता, आणि नीता नावाची एक मुलगी होती. गुणमालाने मांडीवर वही घेतली आणि घड्याळ काढून ठेवलं. पाच मिनिटांनी मुंग्या दिसू लागल्या, पण सुभेदार जागचे हलले नाहीत. चित्र पार धुवून निघालं तरी ते कान देऊन बसले होते. मग नीता आली. तिने तोंड उघडलं आणि सुभेदार पाना उचलून ताडकन उठले.

"ती बोलतीया तवर फिरवून येतो," ते म्हणाले.

शालूबाईही उठल्या. "चला, माझ्याबी दोन भाकऱ्या हुतील."

असं बावीस मिनिटांत तीन वेळा झालं. नीता आली की सुभेदार गच्चीवर आणि शालूबाई चुलीपाशी. पडद्यावर खरखर, त्या खरखरीच्या मागे नीता काहीतरी म्हणतेय, आणि नायक दिसू लागला की दोघंही जागेवर हजर. जवाहर पोट धरून हसत होता. केरबा एकदाही हसला नव्हता.

मालिका संपल्यावर गुणमालाने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, की गोष्ट काय होती. सुभेदारांनी सांगितली. शालूबाईंनी सांगितली. जवाहरने तर अभिनयासह सांगितली. तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या. नीता काय बोलली ते कुणीच ऐकलं नव्हतं, आणि कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

"पुढच्या वेळी उलटं करून बघाल का, सुभेदारसाहेब?" तिने विचारलं. "नायक बोलत असताना फिरवायचा, आणि नीता आली की खाली बसायचं."

सुभेदारांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आगं पोरी, मग गोष्ट कशी कळायची?"

"तेच," गुणमाला म्हणाली, आणि तिने वही मिटली.

सकाळी परतीच्या एसटीत कराड आल्यावर जवाहरने विषय काढला. "पण ती प्रेयसी आहे. प्रेयसी अजून काय करणार?"

"ते मला नका विचारू," गुणमाला म्हणाली. "लिहिलंय तुम्ही."

त्याच्या पुढच्या सीटवर केरबा बसला होता. तो मागे न बघता म्हणाला, "चौगुले, जुन्या खेळात गवळणीची वाट अडवली की ती इश्श म्हनत न्हवती. ती सवाल टाकायची. आन सवाल पडला की गड्याला जबाब द्यावाच लागतोय. म्होरं मानसं बसल्याली असत्यात न्हवं."

जवाहरने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. गुणमालाने मात्र ऐकलं.

संमेलन शनिवारी होतं. कारखान्याच्या आवारात दोन हजार माणूस. पुढे खुर्च्यांवर चेअरमन आणि संचालक, मध्ये सतरंज्यांवर कामगारांची बिऱ्हाडं, आणि अगदी डावीकडे, गावी परतायला निघालेल्या ऊसतोडणीच्या बायका लेकरं घेऊन बसलेल्या. अण्णाही मागे उभे होते. त्यांनी सकाळी फक्त आठवण केली होती, "आज झालं की निरोप द्यायचा."

दोन प्रवेश वहीप्रमाणे पार पडले. काकाने मित्राला छत्रीने मारलं आणि आवार हसून हसून लोळलं. तिसरा प्रवेश बागेतला. जवाहर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "शोभा, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही."

इथे 'इश्श' होतं.

"का?" गुणमालाने विचारलं.

लोक हसले. जवाहरला वाटलं ती वाक्य विसरली. त्याने पुढचं रेटलं. "तुझे हे डोळे, तुझे हे केस..."

"ते फोटोतही दिसतात. मी काम काय करते?"

जवाहरने विंगेकडे पाहिलं. तिथे केरबा वही मांडीवर घेऊन बसला होता. त्याने वही शांतपणे मिटली. "म्होरचं वहीत न्हाई," तो म्हणाला. "तुमचं तुमी बघा." ही कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत गेली.

"शोभा काम... करत नाही," जवाहर म्हणाला.

"मग सायकल घेऊन रोज जाते कुठे? आणि सकाळी काय खाऊन जाते? दीड वर्षं बघताय ना मला. एक तरी गोष्ट सांगा."

डावीकडून एका तोडणीवाल्या बाईचा आवाज आला. "सांग की रं बाबा. का यवड्यात इसारलास?" तिच्या अवतीभवतीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. चेअरमनही खुर्चीत पुढे सरकले.

जवाहरच्या कपाळावरचा रंग घामाने नाकावर आला होता. तो अजून गुडघ्यावरच होता. उठावं की बसून राहावं, तेही वहीत नव्हतं. मग तो बोलला तो रमेशच्या आवाजात नाही, खिडकीतल्या आवाजात. "तुम्ही सात बावन्नला येता."

"रोज?"

"रोज. सोमवार सोडून. सोमवारी सात अठ्ठावन्न."

गुणमाला थबकली. हे तिच्या कागदावर नव्हतं. "सोमवारी का?"

"माहीत नाही. हंगाम सुरू झाल्यापासून टिपतोय. हजेरीत नाही, वेगळ्या वहीत. पण विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

त्याने विचार केला. दोन हजार माणसं वाट बघत असताना त्याने चांगला लांब विचार केला, आणि ते गुणमालाने मनात नोंदवलं. "विचारता येतं, हेच ध्यानात आलं नाही," तो म्हणाला.

आवारात कुणी हसलं नाही. पुढे काय करावं ते दोघांनाही कळेना, तेव्हा गुणमालाने वहीतलं आठवेल ते वाक्य घेतलं. "भजी आणू का?"

"कांद्याची नको," जवाहर म्हणाला. "आणि आता दिवस मावळलाय."

पलूसच्या जैन वस्तीतल्या मंडळींतून पहिली टाळी आली आणि मग थांबेचना. शेवटी चेअरमननी भाषणात सांगितलं, की बागेतला प्रवेश फार बहारीचा लिहिलाय, आणि लेखनाचं बक्षीस म्हणून जवाहरला स्टीलचा डबा दिला. गुणमालाला नारळ मिळाला. जवाहर डबा घेऊन विंगेत आला आणि तो त्याने केरबाच्या हातात ठेवला.

"ह्यो मला कशापायी?" केरबा म्हणाला. "म्या तर वही झाकली."

"त्यासाठीच," जवाहर म्हणाला.

रविवारी अण्णांनी विचारलं, तेव्हा गुणमाला म्हणाली, "उद्या संध्याकाळी सांगते. एक नमुना बघायचा राहिलाय." अण्णांना अशा उत्तरांची सवय होती. ते गायीला वैरण घालायला गेले.

सोमवारी ती सात अठ्ठावन्नला हजेरीच्या खिडकीशी आली. तिच्यामागे पाळीची दहा-बारा माणसं उभी होती. जवाहरने तिच्या नावापुढे खूण केली. मग टाक खाली ठेवला आणि दोन्ही हात वहीवर ठेवून तो म्हणाला, "सोमवारी सहा मिनिटं उशीर का होतो?"

गुणमालाने सायकलच्या पिशवीतून एक बाटली काढली. आत गढूळसर पाणी होतं आणि गळ्याला तारखेची चिठ्ठी बांधलेली होती. "ओढ्याचं पाणी आहे. दर सोमवारी पुलाखालून भरून घेते. पावसाळ्यात काय असतं, हंगामात काय होतं, ते बघते. अडतीस बाटल्या झाल्या."

"कुणी सांगितलंय?"

"कुणीच नाही."

"मग कशासाठी?"

"काय बदलतं ते कळावं म्हणून."

जवाहरने खिडकीतून हात पुढे केला. तिने बाटली दिली. त्याने ती उजेडात धरली, एकदा हलवली, तळाशी बसणाऱ्या गाळाकडे बघत राहिला, आणि विचारलं, "पहिली बाटली अजून आहे?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. प्रयोगशाळेच्या साहेबांनीही नाही.

"आहे," ती म्हणाली.

"चौगुले," रांगेतून केरबा म्हणाला. त्याच्या काखेत नवाकोरा स्टीलचा डबा होता. "भोंगा झाला. आमची बी हजेरी घ्या, का आमी बी बाटल्या आनू?"

गुणमालाने बाटली पिशवीत ठेवली आणि सायकल प्रयोगशाळेकडे वळवली. अण्णांना काय सांगायचं ते तिने फाटकापासून लॅबच्या पायरीपर्यंत पक्कं केलं. पाहुण्यांना म्हणावं, रविवारी या. उजेडी या, म्हणजे जेवून जाता येईल. मुलगी समोर येऊन बसेल, पण शिवण-टिपण, स्वयंपाक ह्याची चौकशी नको. ते आई सांगेल. प्रश्न मुलीकडे आहेत. एकंदर दहा. अकरावा होता, मुलगा आपणहून काही विचारतो का; तो मुलाने सोमवारी स्वतःहून सोडवला.

पायरीवर सायकल लावताना तिच्या लक्षात आलं, की तो सकाळी काय खातो, हे तिलाही माहीत नव्हतं. तिने पिशवीतली प्रश्नांची चिठ्ठी काढली आणि दहाचे परत अकरा केले.