शकूफेच्या हातचं लवाशक

दाराची घंटा वाजली की तूबाखानम आधी मागच्या खोलीकडे बघायची आणि मग दाराकडे जायची.

"आत हो," ती नुसत्या ओठांनी म्हणायची. तिची एकोणतीस वर्षांची मुलगी शकूफे हातातलं काम तिथंच टाकून मागच्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. दारात कोण असे? कधी गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस, कधी वाटीभर सुका पुदिना मागायला आलेली शेजारीण. पण आठ महिन्यांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी शकूफे मशहदच्या सासरहून एक बॅग घेऊन शाहरूद या इराणी गावात माहेरी परत आली होती. घटस्फोट घेऊन! आणि तोही नवऱ्याने दिलेला नव्हे, तिने मागून घेतलेला. 'मेहर माफ, जीव मोकळा' असं कोर्टात सांगून, लग्नात ठरलेल्या हक्काच्या मेहरवर पाणी सोडून ती बाहेर पडली होती. तिचे वडील रहमतआघा ट्रक चालवायचे, चार दिवस घरी तर दहा दिवस रस्त्यावर. त्यांनी मुलीला दारात पाहिलं, बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "चहा टाका कुणीतरी."

त्यांच्यापुरता विषय तिथं संपला. तूबाखानमचा मात्र तिथूनच सुरू झाला. गल्लीत काय सांगायचं? तिने सांगून टाकलं, जावयाची बदली बंदर अब्बासला झाली, शकूफेही तिकडेच आहे. आणि मग त्या एका थापेला टेकू द्यायला रोज एक नवी थाप.

अशात ऐन उन्हाळ्याचा तीर महिना लागला. शाहरूदच्या जर्दाळूंना धीर कसा तो नसतो. पिकायला लागले की आठ-दहा दिवसांत सगळे झाड सोडतात. मग गल्लीतल्या साऱ्या घरांचे जर्दाळू तूबाखानमच्या अंगणात येत. तिचं अंगण ऐसपैस आणि गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. सगळ्या बायका मिळून जर्दाळूचा गर शिजवायच्या, ताटांत पातळ पसरायच्या आणि गच्चीवर वाळवून त्याची आंबटगोड पोळी, म्हणजे लवाशक, करायच्या. वर्षभर पोरांच्या खिशात, डोहाळे लागलेल्या बायकांच्या उशाशी तेच असायचं.

"उद्या बायका येणार," आदल्या दुपारी तूबाखानम मुलीला म्हणाली. "दिवसभर आतच राहा. जेवण आत ठेवते. खोकू नकोस."

"शिंक आली तर?"

"चेष्टा करू नकोस, शकूफे."

"बरं. पण यंदा गर कोण ढवळणार? तुझं तर मनगट दुखतंय."

"बदरीखानम ढवळेल."

शकूफे हसली. "बदरीखानम? तिची जीभ चालायला लागली की हात थांबतो, मामान. सगळं तळाला लागेल."

"लागू दे," तूबाखानम म्हणाली. पण ते खरं नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून या अंगणातलं मोठं पातेलं शकूफेच्याच ताब्यात असायचं. गर किती आटला की उतरवायचा, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, हे गल्लीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत सात-आठ जणी जमल्या. पेट्याच्या पेट्या जर्दाळू हौदावर धुऊन निघाले. बिया काढायला बायका गोल करून बसल्या आणि सुऱ्यांबरोबर तोंडंही सुरू झाली. शेगडीशी बदरीखानम मोठं लाकडी उलथनं घेऊन उभी. पुढच्या महिन्यात तिच्या मुलीचं, सीमीनचं लग्न. त्यामुळे तिचा आवाज यंदा अर्धी पट्टी वरच लागला होता.

"काय हो तूबाखानम, जावईबापूंचं काय? बंदर अब्बासला या दिवसांत माणसं वितळतात म्हणे. तुमचा वितळला का?"

दोघीतिघी फिसकन हसल्या.

"बरा आहे," तूबाखानम बिया मोजल्यासारख्या करत म्हणाली.

"आणि शकूफे? मुलगी जर्दाळूला आली नाही असं आजवर झालं नव्हतं; नवऱ्याबरोबर का होईना, दोन दिवस यायचीच. फोनही लागत नाही तिचा."

"तिकडे रेंज नसते."

"बंदर अब्बासला रेंज नसते!" बदरीखानम अंगणाकडे वळून म्हणाली. "ऐकलंत का? एवढं मोठं बंदर, आणि रेंज नाही!"

आता ती पुरती वळली होती. उलथनं पातेल्यात उभं आणि हात हवेत. सीमीनच्या सासरचं घर, सासरचा गालिचा, सासरकडून आलेला आरसा... एकेका वस्तूचं वर्णन सुरू झालं. पातेल्यातला रटरट आवाज जड झाला, मग बंद झाला. कुणाचं लक्ष नव्हतं. तूबाखानमला वास आला तेव्हा उशीर झाला होता. ती उठणार तोच मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"बाजूला व्हा!"

शकूफे अनवाणीच अंगणात आली. बदरीखानमच्या अंगावरून हात घालून तिने गॅस बंद केला, दोन फडक्यांत पातेल्याचे कान धरले आणि ते खाली उतरवलं. "तळाला हात लावू नका. खरवडलं तर सगळ्यालाच करपट वास लागेल. दुसरं पातेलं द्या, वरचा गर काढून घेते."

कुणीतरी यंत्रासारखं पातेलं पुढे केलं. शकूफेने डाव भरभरून वरवरचा सोनेरी गर काढला. अर्ध्याहून अधिक वाचला. मगच तिने मान वर केली. आठ जणी आपल्याकडे बघताहेत हे तिला तेव्हा कळलं.

"सलाम," ती म्हणाली.

तूबाखानमला वाटलं, जमीन दुभंगावी.

"अगं बाई!" बदरीखानमने गालावर हात ठेवला. "बंदर अब्बासहून इतक्या लवकर?"

"मी बंदर अब्बासला कधी गेलेच नव्हते, बदरीखानम. आठ महिने इथंच आहे. त्या खोलीत. घटस्फोट झालाय माझा. त्याने दिला नाही, मी मागून घेतला."

बदरीखानमने पदराला पुसावेत तसे अंगावरच्या चादरीला हात पुसले.

"मी म्हणतच होते! तूबाखानम, राग मानू नका, पण माझ्या घरी शुभकार्य आहे. माझ्या पोरीच्या पाठवणीत मी घर मोडून आलेल्या बाईच्या हातचं काही ठेवणार नाही. माझी पेटी मी घेऊन जाते. आमच्या आया काय सांगून गेल्या? मुलगी पांढऱ्या पोशाखात सासरी जाते, ती पांढऱ्या कफनातच तिथून निघते."

"बदरी, खाली बस."

बोलल्या त्या इस्मतखानम. गल्लीत सगळ्यांत मोठ्या. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलेल्या. त्यांच्या हातून शिवण शिकली नाही अशी बाई त्या अंगणात नव्हती. हातातली सुरी त्यांनी जमिनीवर ठेवली.

"ते वाक्य मीही बोललेय," त्या म्हणाल्या. "माझी अझर तीनदा परत आली होती माझ्याकडे. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. दुसऱ्यांदा म्हटलं, मूल झालं की तो निवळेल. तिसऱ्यांदा तिच्या कानातून रक्त येत होतं. तेव्हा मी हेच म्हटलं, पांढऱ्यात गेलीस, पांढऱ्यातच ये. आणि टॅक्सी बोलावून तिला परत पाठवली."

"मग?" कुणीतरी हळूच विचारलं.

"मग ती माझ्याकडे चौथ्यांदा आलीच नाही. तिची तिने सुटका करून घेतली, अहवाझला गेली, नोकरी करते. एका कानाने ऐकू येत नाही तिला. नौरोझला बापाला फोन करते. मी फोन हातात घेतला की ठेवून देते. अकरा वर्षं झाली." इस्मतखानमचा आवाज कापला नाही. "गल्लीत माझी अब्रू शाबूत आहे हो! सगळ्या मला मान देता. पण त्या अब्रूला मी रात्रंदिवस काय करू? अब्रू काही मला 'आई' म्हणून हाक मारत नाही."

बदरीखानम पुटपुटली, "पण शकूफेला तर त्याने मारलं नव्हतं ना?"

"नाही मारलं," शकूफे म्हणाली. मग ती आईकडे वळली. "मामान, तूही मला हेच विचारलंस ना? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, मग झालं तरी काय? तू पुढे ऐकूनच घेतलं नाहीस. आज ऐक. तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. चार वर्षं. तुझा फोन यायचा तेव्हा मी कुलपाच्या आत असायचे. एकदा स्वयंपाकघरात गॅस गळायला लागला. मी खिडकीच्या गजांतून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारत होते. लोकांनी दार फोडलं. आणि संध्याकाळी तो मला म्हणाला, परक्या पुरुषांना घरात का घेतलंस?"

तूबाखानमने हातातली बी खाली ठेवली.

"मी त्या कुलपातून निघून तुझ्याकडे आले," शकूफे म्हणाली. "इथं कुलूप नाही. पण घंटा वाजली की तू माझ्याकडे बघतेस, आणि मी आपल्या पायांनी आत जाते. तो किल्ली फिरवायचा. तू डोळे फिरवतेस. माझ्यासाठी दोन्ही एकच!"

एकच! तो शब्द तूबाखानमच्या काळजात सुरीसारखा गेला. ज्या माणसाला ती आठ महिने नमाजानंतर शिव्याशाप देत होती, त्याचंच काम तिने स्वतःच्या घरात चालू ठेवलं होतं! मुलीला ताटलीत जेवण आत सरकवत होती, खोकू नको म्हणत होती! कुणासाठी? बंदर अब्बासला रेंज नसते यावर फिसफिस हसणाऱ्यांसाठी?

ती उठली. रस्त्याच्या दारापर्यंत गेली आणि दाराची दोन्ही कवाडं भिंतीला लागेपर्यंत उघडली. समोरचा नानवाई फळकुटावर रोट्या मोजत होता. तो मान उंचावून बघू लागला. बघू दे!

"मी खोटं बोलले," ती अंगणाकडे तोंड करून म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. "जावई बंदर अब्बासला नाही. तो माझा जावईच नाही. माझी मुलगी घटस्फोट घेऊन माझ्या घरी आलीय, आणि हे तिचंच घर आहे. आजपासून गर तीच ढवळणार. ज्यांना तिच्या हातचं चालत नाही, त्यांची पेटी तिथं आहे आणि दार इथं!"

बदरीखानमचा चेहरा लालबुंद झाला. "वीस वर्षांचा शेजार असा फेकून देता?"

"मी कुठं फेकतेय? पाय तुमचे, बदरीखानम. बसा म्हटलं तर चहा तयार आहे."

बदरीखानमने पेटी उचलली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. त्यांतली एक जण पाचच मिनिटांत परत आली. म्हणे सुरी राहिली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाहेर ऊन फार आहे बाई, आता कुठं जाऊ," आणि पुन्हा बिया काढायला बसली. इस्मतखानम हसल्या आणि तिच्यापुढे पेटी सरकवली.

शकूफेने वाचलेला गर पुन्हा शेगडीवर चढवला, चिमूटभर मीठ घातलं आणि ढवळत राहिली. गराचे शिंतोडे तिच्या मनगटावर उडत होते. ताटलीत एक थेंब टाकून तिने ताटली तिरकी केली. थेंब ओघळला नाही. "उतरवा!" ती म्हणाली, आणि तेलाचा हात फिरवलेली ताटं गच्चीवर चढू लागली.

चार दिवस सोपे गेले असं नाही. नानवाईकडे तूबाखानमच्या मागे कुजबुज झाली. एका नातेवाईक बाईने फोन करून विचारलं, आता धाकट्या भाच्यांची लग्नं कशी जमायची? तूबाखानम म्हणाली, "जशी जमायची तशी जमतील. शकूफेशीच बोल ना, इथंच आहे," आणि फोन मुलीच्या हातात दिला. पलीकडून पटकन कट झाला. मायलेकी इतक्या हसल्या की तूबाखानमला उचकी लागली.

चौथ्या दिवशी लवाशकच्या कडा सुटल्या. दोघी गच्चीवर जाळीची फडकी काढून ताटांतून लवाशक सोलत होत्या, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. बदरीखानमची सीमीन! पुढच्या महिन्यातली नवरी.

"आईला माहीत नाही मी आलेय ते," ती म्हणाली. शकूफेने एक तुकडा तोडून तिच्या हातावर ठेवला. सीमीनने तो खाल्ला नाही.

"शकूफे, तो माझा फोन बघतो. रोज. कुणाचे फोन आले, किती वेळ बोलले. आई म्हणते, जीव आहे त्याचा म्हणून. तुझंही... असंच सुरू झालं होतं का?"

शकूफे तिच्याशेजारी उन्हात बसली. "माझं असंच सुरू झालं होतं. तुझंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण त्याला सांग, उद्यापासून फोन दाखवणार नाही. मग तो काय करतो ते बघ. लग्नानंतर नाही. आत्ता, आधी बघ."

"आणि तो भडकला तर? लग्न मोडलं तर? आई मला घरात घेणार नाही."

शकूफेच्या आधी तूबाखानम बोलली. "आई घेईल. चार दिवस आदळआपट करेल, पण घेईल. आणि नाहीच घेतलं तर आमच्याकडे ये. पुढच्या खोलीत झोपशील, रस्त्याकडच्या खिडकीत. आणि तुझ्या आईशी मी भांडेन!"

सीमीन रडता रडता हसली आणि तिने तो तुकडा तोंडात टाकला.

मंडळी, आपल्या लेकी सासरी सुखी राहाव्यात हे कुणाला नको असतं? पण एखादीला नाहीच राहता आलं, तर परतीची वाट आपणच बंद करतो आणि त्याला अब्रू म्हणतो. ज्या घरात परत येता येत नाही, त्या घराच्या मुलीला जाच करणारा निर्धास्त असतो, कारण त्याला माहीत असतं, ही जाणार कुठे? म्हणून लेकीला पाठवताना चारचौघांदेखत सांगा, की हे घर तुझंच राहील. आणि ती आलीच, तर तिला आत लपवू नका. अंगणात बसवा, नावाने हाक मारा, कामाला हात लावू द्या. लोक बोलतील. खुशाल बोलू देत!