किल्लीची जागा

“मावशी, किल्ली कुटं बसवू ते बोकडाला इचारून सांगा,” गुरुशांत मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर पाना आपटून हसला.

मी म्हटलं, “तुज्यापेक्षा त्याला जास्ती कळतंय. इचार की तूच.”

बोकड मोटरसायकलच्या टाकीवर बसला होता. टाकीवर पोतं, पोत्यावर बोकड, आणि हँडलवरून पुढे आलेली त्याची दाढी. फौजदार त्याचं नाव. करडू असताना त्याच्या ओठावर मिशीसारखा काळा पट्टा होता म्हणून माझ्या मुलानं, अजिनाथनं, ते ठेवलं. पुढं त्यानं खरंच भर रस्त्यात गाड्या अडवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या अडवल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. हा आमचीच अडवायचा.

माझ्या नवऱ्याचं नाव मायाप्पा आणि माझं मायाक्का. दोघांच्याही आयांनी चिंचलीच्या एकाच मायाक्का देवीला नवस बोलला आणि देवीनं दोन्ही फळं एकाच घरात टाकली. म्हाताऱ्याचा जन्म मेंढरांमागं गेला. कुंभारीच्या ज्या माळावर मेंढरं चरायची तिथं कामगारांच्या कॉलन्या झाल्या. मेंढरं गेली. गुडघे त्याच्या आधीच गेले होते. उरल्या चार शेळ्या, हा बोकड आणि अजिनाथची जुनी मोटरसायकल.

आमच्याकडं बऱ्याच घरांत एखाददुसरी शेळी असते, पण बोकड कुणी पाळत नाही. खातो फार आणि वास त्याहून फार. मग कुणाची शेळी माजावर आली की म्हाताऱ्याला फोन. डॉक्टरनं बॅग उचलावी तसा म्हातारा बोकड उचलायचा, पटका बांधायचा आणि निघायचा. चार वस्त्या हिंडून, चार ठिकाणचा चहा पिऊन, चार घरची भांडणं गोळा करून परत यायचा. त्या दिवशी दारातून पाणी मागायचा तो आवाजसुद्धा वेगळा असायचा. आणि घरी बसला की? चुलीपाशी येऊन बसायचा. “भाकर जाड झालीया. जाळ जरा कमी कर. कालवणात काय पडलंय गं ते?” एकदा त्यानं मला लसूण सोलायला शिकवलं. माझ्या लग्नाला किती वर्षं झाली ते मी सांगत नाही, पण त्या दिवशी लसूण आणि नवरा यांतलं एकच काहीतरी ठेचायचं राहिलं.

तेव्हा म्हातारा गाडीवर असणं ही माझीही गरज होती.

भानगड किल्लीची होती. किल्ली हँडलच्या मधोमध, बरोबर फौजदाराच्या हनुवटीखाली. आधी तिला मी वळलेला लोकरीचा गोंडा होता. तो त्यानं खाल्ला. मग नुसती किल्ली चाटायला लागला. म्हाताऱ्याच्या घामाच्या हाताची चव तिला, आणि शेळीच्या जातीला मीठ म्हणजे बर्फी. चाटता चाटता नाकानं ढकलायचा, किल्ली फिरायची आणि गाडी बंद. किल्लीवर पत्र्याचा डबा बसवून पाहिला, तर त्यात शिंग अडकवून त्यानं हँडलच वळवलं.

असं होता होता एक दिवस अक्कलकोट रोडला गाडी मध्येच बंद पडली. मागून टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो. त्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. म्हातारा आणि बोकड दोघंही बाजूच्या बाभळीत. लोक धावले आणि पहिल्यांदा बोकडाला काही लागलंय का ते पाहिलं. म्हाताऱ्याचं कोपर सोलून निघालं होतं, ते घरी आल्यावर मी पाहिलं.

अजिनाथ टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याला ही बातमी घराच्या आधी कळली. तो आला तो ओरडतच.

“आप्पा, आता बास! टेम्पोखाली गेला असता की!”

“गेलो न्हाय न्हवं?”

“एकदा, अजून एकदा गाडी रस्त्यात बंद पडली, तर गाडी मी कारखान्यावर निऊन लावणार. मग बोकड पाठीवर घ्या न्हायतर डोक्यावर घ्या.”

म्हाताऱ्यानं कोपराला हळद लावून घेतली आणि चुलीपाशी येऊन बसला. “डाळ शिजली का गं?” म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला, गाडीला आणि बोकडाला घेऊन गुरुशांतकडं गेले.

“बर्री बर्री,” असं कानडीत या-या म्हणून गुरुशांतनं आधी बोकडालाच हात केला. सगळी हकीकत ऐकून म्हणाला, “मावशी, बोकड हलत न्हाय म्हंजी किल्ली हलवायची. वायरा लांबवतो, सीटखाली डाव्या कुशीला पट्टी मारतो, तितं बसवतो किल्ली. आजकाल हौशी पोरं मुद्दाम करून घेत्यात.”

म्हातारा कळवळला. “म्हशीचं दावं शेपटीला बांदल्यागत हुईल की रं ते!”

“म्हस चालती का न्हाय ते बगा. दावं कुटं हाय ते कशाला बगताय?”

“पण खाली वाकून किल्ली लावायची, लोक काय म्हणतील?”

मी म्हटलं, “बोकड पुढ्यात घिऊन हिंडताय, तवा काय लोक आरती करत्यात व्हय?”

गुरुशांतनं दुपारपर्यंत वायरी ओढल्या, काळी पट्टी गुंडाळली, डाव्या बाजूला सीटच्या खाली किल्ली बसवली. वरच्या जुन्या भोकात रबरी बूच घातलं. मग तपासणी. पंक्चर काढायला आलेले गुरुसिद्धप्पा ढेरीसकट मागे बसले, दोन्हीकडे पाय टाकून. पुढं म्हातारा, टाकीवर फौजदार. नाक्यापर्यंत गेले, खड्ड्यातून नेली, उडवली, वळवली. गाडी बंद पडली नाही. फौजदारानं बूच हुंगलं, चाटलं आणि खाऊन टाकलं. बाकी काही करू शकला नाही. गुरुसिद्धप्पा उतरून म्हणाले, “एकदम पास.” गुरुशांतनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला हार घालणार.

संध्याकाळी अजिनाथ रात्रपाळीला निघाला होता. नवी किल्ली पाहिली, दोनदा फिरवली आणि म्हणाला, “मला पटत न्हाय. आये, उद्या तू बरोबर जा. आप्पा मला खोटं सांगतील, तू सांगणार न्हाईस. बंद पडली तर तिथनंच गाडी माझी.”

म्हातारा म्हणाला, “तुजी आई काय आरटीओ हाय का रं?”

“त्याच्याबी वर हाय,” अजिनाथ म्हणाला. मला ते आवडलं, पण मी तोंड तसंच ठेवलं.

उजाडता उजाडता फोन आला. एमआयडीसीच्या मागच्या वस्तीवर हेमावती राहते, तिची शेळी ओरडून ओरडून वस्ती उठवत होती. “मामा, लवकर या वो! आता शेजारी मला दोरीनं बांदतील.” माजाची वेळ निघून गेली की मग पुढचे तीन आठवडे वाट पाहायची. म्हाताऱ्यानं पटका बांधला. मी नवं लुगडं नेसले. पाहुणी म्हणून नव्हे, पंच म्हणून जात होते.

मी मागे बसले, नेहमीसारखी एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडं सोडून. वाऱ्यावर फौजदाराचा वास थेट माझ्या नाकात. गाडी छान चालली. म्हातारा गुणगुणायला लागला. पहिला गतिरोधक आला, गाडी गचकली आणि बंद.

“काय केलं ह्येनं?” म्हातारा ओरडला. फौजदार समोर बघत होता. शाळेच्या फोटोत बसल्यासारखा.

“वायर ढिली आसंल,” म्हणून त्यानं वाकून किल्ली फिरवली, किक मारली. गाडी सुरू. मघाशी माझ्या टाचेखाली काहीतरी टक् झालं होतं, पण टाचेखाली काय काय होत असतं.

एमआयडीसीच्या गेटसमोर मोठा खड्डा आहे. तिथं गाडी पुन्हा उडाली, पुन्हा टक्, पुन्हा बंद. म्हातारा उतरला. गाडी स्टँडवर लावली. वाकून किल्लीकडं पाहिलं. मग किल्लीपासून वर वर पाहत माझ्या टाचेपर्यंत आला, आणि तिथून माझ्या तोंडापर्यंत.

“अगं,” हळूच म्हणाला, “तूच की गं.”

“माज्या टाचेला काय बोटं फुटल्यात व्हय, किल्ली फिरवायला?”

पण ते खरं होतं. गुरुशांतनं किल्ली बसवली, म्हाताऱ्यानं चालवून पाहिली, गुरुसिद्धप्पांनी बसून पाहिली. बोकडाचा विचार सगळ्यांनी केला. मागं बाई बसते, आणि ती एका बाजूला पाय सोडून बसते, हे त्या तिघांच्या डोक्यात आलं नाही. आणि माझ्याही आलं नाही, ते मी कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात रात्रपाळी सुटली. गेटमधून सायकली, गाड्या, डबे हलवत चालणारी माणसं, केसांत कापसाची भुरी. त्यातच अजिनाथ. बंद गाडी, रस्त्यावर बाप, गाडीवर आई, टाकीवर बोकड. तो सरळ आला.

“बंद पडली न्हवं?”

म्हातारा ताठ उभा राहिला. “कोण म्हणतं? मीच थांबवली. तंबाखू मळायला.”

त्याच्या हातात तंबाखू नव्हती. खिशातही नव्हती. देवळात माळ घालून घेतल्यापासून तो खात नाही, हे अजिनाथलाही माहीत होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. माझ्या टाचेचं नाव सांगितलं असतं तर तो सुटला असता. चार लोकांत बायकोचं हसं नको म्हणून त्यानं ती तंबाखू काढली होती, आणि तीसुद्धा त्याला धड काढता येत नव्हती.

“आये, तू सांग,” अजिनाथ म्हणाला. “तुला त्याच्यासाठीच धाडलं व्हतं.”

भोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. बोकड दिसला की लोक थांबतातच.

“बंद पडली,” मी म्हटलं. “दोनदा पडली. माझी टाच लागून पडली. बोकडाचा काय दोष न्हाय आणि तुज्या बापाचाबी न्हाय.”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. “कोण रं त्यो? म्होरं यिऊन हास,” मी म्हटलं. कुणी पुढं आलं नाही.

अजिनाथनं डोक्याला हात लावला. “म्हंजी पडलीच की. आज टाच, उद्या अजून काय. आप्पा, द्या किल्ली. मी सोडतो तुमाला घरी.”

म्हातारा वाकला. किल्लीवर त्याचा हात गेला. किल्ली काढताना त्याचा हात तिथं अडखळला, जागा नवी होती ना. पटका जरा सैल होऊन कानावर आला होता. दारातून पाणी मागणारा तो आवाज आता मला कधी ऐकू येणार नाही, असं वाटलं. त्याच्या जागी चुलीपाशी बसलेला, डाळीची चौकशी करणारा म्हातारा. रोज. मरेपर्यंत.

“किल्लीला हात लावू नका,” मी म्हटलं आणि खाली उतरले.

“आये, काय करतीस?”

आमच्या कुंभारीत पोरी दोन्हीकडं पाय टाकून बसतात, सुना बसतात. माझ्या वयाच्या बाईला तसं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला तर नाहीच. पण आमच्या लुगड्याला कासोटा असतो. रानात, वाफ्यात, मेंढरांत आम्ही त्यावरच जन्म काढला. मी कासोटा घट्ट केला, पदर खोचला, म्हाताऱ्याला पुढं बसवलं, त्याचा खांदा धरला आणि पाय उचलला. तो सीटपर्यंत गेलाच नाही. गुडघे माझेही त्याच वयाचे.

“आये, लोक बगत्यात!”

“बगू दे की. तिकीट काडलंय का त्यांनी? गाडी धर मागनं.”

अजिनाथनं डबा शेजारच्या एका सायकलवाल्याच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी गाडी मागून धरली. दुसऱ्यांदा पाय पलीकडं गेला. फौजदार मान वळवून बघत होता. यंत्रमागावरचा एक तेलुगू म्हातारा गर्दीतून ओरडला, “गट्टिगा पट्टुको, अम्मा!” घट्ट धर म्हणत होता. बाजारात ऐकून ऐकून मला तेवढं कळतं.

पाय खाली दांडीवर टेकले. टाच आता किल्लीपासून हातभर लांब. अजिनाथनं वाकून पाहिलं, माझा पाय स्वतःच्या हातानं पुढंमागं हलवून पाहिला. लहानपणी मी त्याचे पाय चपलेत घालायची तसा.

“लागत न्हाय,” तो म्हणाला. मग बापाकडं न बघता, “आप्पा, सावकाश जावा.”

म्हाताऱ्यानं किक मारली.

एका बाजूला बसलं की रस्ता बाजूनं जाताना दिसतो, समोरचं काही दिसत नाही. आता सगळं समोरून यायला लागलं. टेम्पो, कारखान्यांची धुराडी, फौजदाराची शिंगं, आणि अगदी जवळ म्हाताऱ्याची पाठ. आजवर मी सीटची कड धरून बसायची. आता धरायला तीच एक जागा होती. मी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. याच खांद्यांवर तो दोन दोन कोकरं घेऊन ओढे पार करायचा. आता सदऱ्याखाली हाडं लागली, आणि हाडांच्या भोवती नुसता वारा.

“नीट बसलीस न्हवं?” त्यानं विचारलं.

“तुमी म्होरं बगा.”

वस्तीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. ती दिसली तशी म्हाताऱ्यानं गाडी हळू केली. मला उतरून पाय एका बाजूला घ्यायचे असतील, असं त्याला वाटलं असावं.

“हळू कशाला करताय?” मी म्हटलं. “शेळी वाट बगतीया.”

त्यानं पटका सारखा केला आणि गाडी टपरीसमोरून सरळ नेली. माणसांचे चहाचे कप तोंडाशी तसेच राहिले. मी हात खांद्यांवरून काढले नाहीत.