खाचांची झाडं

“जरा गप्प बसाल तर बरं होईल,” काकू म्हणाली. “परक्या माणसाला सगळं जंगल उघडून दाखवायची काही गरज नाही.”

पण गप्प बसतील ते काका कुठले! डोंगराची मोजणी करायला आलेल्या साहेबाने वाटाड्या मागितला, तर हे सगळ्यांच्या आधी तयार. जन्म मध काढण्यात गेलेला माणूस, आणि मी त्यांचा पुतण्या, दोर घेऊन मागे.

मध काढणाऱ्यांची आमच्याकडे एक रीत होती. पोळं अर्धंच कापायचं आणि बुंध्यावर कुऱ्हाडीने बोटभर खाच पाडायची. मग दोन वर्षं त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. खाच दिसली की भुकेला माणूसही पुढे जायचा.

“ही माझी. ती माझ्या बापाची, बघा कशी भरून आलीय,” काका एकेक झाड दाखवत होते. साहेब लिहून घ्यायचा. पहिल्या दिवशी मलाही भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी मनात पाल चुकचुकली. साहेबाने मधाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. खाच किती खोल, तेवढंच पट्टी लावून बघत होता.

“काका, बास करा आता,” मी हळूच म्हणालो.

“अरे, किती जपलंय ते कळू दे की त्यांना! मग आपल्याला इथून कोण उठवेल?”

त्याच आठवड्यात हद्दीचे सिमेंटचे खांब आले. ते गावाच्या खालच्या अंगाला उतरवले. “जंगल वर, मग खांब खाली कशाला?” काकूने विचारलं. ट्रकवाल्याने पुढचा खांब उतरवला.

महिन्याभराने मास्तरांनी शाळेत सरकारी कागद वाचून दाखवला. डोंगर आता राष्ट्रीय उद्यान झाला होता. गावाने कुऱ्हाडीने आठशे झाडं जखमी केली, सबब पावसाच्या आत गाव हलवायचं.

एकच गलका झाला. “खोटं आहे! घरी बसून लिहिलंय त्या साहेबाने!”

“खोटं नाही,” काका उभे राहिले. “एकेक झाड मीच दाखवलंय.”

काकू उठली. वाटलं, आता तोंड सोडणार. तिने नुसता त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या समोरून घरी नेलं.

गाव उठायला दोन महिने लागले. तेवढ्या दिवसांत काकांशी कोणी एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा.