एका गोटीला एकच ठण्ण

मित्रांनो, मी एक जुने मतांचे पिंप आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या गावात, तेलाच्या रिकाम्या पिंपातून एका लोहाराने मला घडवले. माथ्यावर नळी, नळीखाली सायकलची घंटा आणि पडलेल्या गोटीचा दुसरा आवाज होऊ नये म्हणून तळाशी वाळू. आमच्याकडे कागदावर शिक्का मारत नाहीत. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराचे पिंप असते आणि मतदार हव्या त्या पिंपात एक गोटी सोडतो. घंटा ठण्ण वाजली की बाहेरच्या रांगेला कळते, मत पडले आणि एकच पडले. म्हणून मतदानाच्या दिवशी, केंद्र असलेल्या गावच्या शाळेजवळ सायकल आणायलाही बंदी असते.

माझा रंग हिरवा, आणि पोटावर राष्ट्राध्यक्षांचा फोटो. चार निवडणुका मी तुडुंब भरलो. खरे सांगतो, मला त्याचा माज चढला होता.

पाचव्या निवडणुकीआधी सरकारला एकाएकी स्थैर्याचा ध्यास लागला. राष्ट्राध्यक्षांनी सीमेवरचे जुने भांडण मिटवून शेजारी देशाला मिठी मारली. अडकलेले तांदळाचे ट्रक सुटले. मतदान पाहायला परदेशी पाहुणे बोलावले. देशात मात्र चौघे एकत्र दिसले की शिपाई हटकू लागले. आमच्या मुख्याध्यापकांनी चहा पिताना 'बदल' हा शब्द काढला आणि त्यांना जे उचलले, ते अजून परतलेले नाहीत.

मतदान केंद्राचे प्रमुख तेच असायचे; त्यांच्या जागी शाळेतल्या शिक्षिका कुंबाबाई केंद्रप्रमुख झाल्या. आदल्या दिवशी जिल्ह्याचे अधिकारी बकारी चिंध्यांचे बोचके घेऊन आले.

"बाई, घंटांना हे गुंडाळा. पाहुणे येणारेत. त्यांना कशी शांतता दिसली पाहिजे!"

"साहेब, ठण्ण ऐकल्याशिवाय आमच्या म्हाताऱ्या हलायच्या नाहीत. आडोशामागेच ठाण मांडून बसतील. उठवायला तुम्ही येणार का?"

बकारी चरफडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेहुणा आडोशामागे आला. ठण्ण. आणि लगेच पुन्हा ठण्ण! दोन्ही माझेच.

रांगेतून सिरा आजी ओरडली, "अरे, बायकोचं मतही तूच टाकतोस की काय?"

बकारी धावत आले. "घंटा बिघडलीय. तसं लिहून द्या, बाई. मुख्याध्यापकांचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," कुंबाबाई म्हणाल्या. त्यांनी मेहुण्याला बाजूला उभे केले. "पुढच्यांना सोडा. आपण ऐकू या."

रांग चिडीचूप झाली. वीस माणसे आली, गेली. प्रत्येकाला एकच ठण्ण. दारातला परदेशी पाहुणाही बोटांवर मोजत होता. मग बाईंनी मेहुण्याला खिसा उलटा करायला लावला. सहा गोट्या घरंगळल्या. बाईंनी नोंदवहीत लिहिले, 'घंटा ठीक आहे.'

संध्याकाळी मी अर्धाच भरलो होतो. तरी मित्रांनो, मला अभिमान वाटतो तो त्याच दिवसाचा. ज्यांचा फोटो पोटावर मिरवला, त्यांच्याच माणसाची चोरी मी गावाला सांगितली.

महिनाभरात कुंबाबाईंना शाळेतून काढून टाकले. मी गोदामात गंजत पडलो आहे. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण पुढच्या वेळी मला बाहेर काढाल, तेव्हा आधी बाईंना त्यांच्या खुर्चीवर बसवा. माझ्यासारखी पिंपे लोहार कितीही घडवील. वाजले ते खरे म्हणणारे माणूस त्याला घडवता येत नाही.