पिळाची नळी

“तू डब्या मोज, ताई. नेमाचं आमच्यावर सोड.”

बाबांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं. रेंजवर तेव्हा सात-आठ नेमबाज होते. हसलं कोणी नाही, पण सगळ्यांना एकदम आपापल्या रायफली पुसायची आठवण झाली, म्हणजे ऐकलं सगळ्यांनीच. आत्याने हातातली काडतुसांची डबी फळीवर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि ती कोठीत निघून गेली. मी चटईवर पालथी पडून दुर्बिणीला डोळा लावून होते. वर बघायची माझी छाती झाली नाही.

बाबा आमच्या रेंजचे कोच. अख्खी रेंज त्यांना सर म्हणते. त्यांना ‘अरे’ म्हणणारं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण. आत्या सव्वीस वर्षं इथली कोठी सांभाळते आहे. काडतुसं द्यायची, रिकामी टरफलं मोजून परत घ्यायची, रजिस्टर लिहायचं, आणि काडतुसांचा नवा लॉट, म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेली खेप, आला की तो तपासायचा. तपासताना रायफल लोखंडी पकडीत आवळलेली असते, त्यामुळे आत्याने आजवर हजारो गोळ्या झाडल्या तरी नेम असा एकदाही धरलेला नाही. पोरं तिला मागे ‘मिलीमीटर’ म्हणतात. ती घरचे पडदेसुद्धा कॅलिपरने मोजून शिवते, अशी वदंता आहे. मी ते पडदे पाहिले आहेत आणि ही वदंता मी खोडून काढणार नाही.

अशा माणसाच्या हातून चूक झाली होती. माझ्या रायफलची जुनी नळी झिजली म्हणून नवी मागवली, तिचा अर्ज आत्यानेच भरला. नळीच्या आत पिळाचे आटे असतात. त्यांतून गोळी गिरकी घेत निघते आणि त्या गिरकीमुळेच सरळ जाते. आमच्या सगळ्या नळ्यांना सोळा इंचांत एक फेरा. अर्जात वरच्या ओळीत रेंजचा क्रमांक होता नऊ. तोच नऊ आत्याच्या हातून खालच्या ओळीतही उतरला. नळी आली ती नऊ इंचांत एक फेरा घेणारी, जवळजवळ दुप्पट पिळाची. सव्वीस वर्षांत एक चूक, आणि ती नेमकी सख्ख्या भाचीच्या नशिबी.

रविवारी आमच्याच रेंजवर संघाची निवड होती. तिघांनाच घेतात. याआधी दोन वेळा मी चौथी आले होते, आणि चौथ्या नंबरला लोक ‘छान झालं हं’ म्हणतात तेव्हा त्यांना चटईत गुंडाळून ठेवावंसं वाटतं. पुढची निवड चार वर्षांनी. तेव्हा मी पस्तिशीत असेन आणि मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेतले साहेब मला सरावाला रजा देणं केव्हाच बंद करून बसलेले असतील. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला, बाबांना, आत्याला, तिघांनाही पक्कं माहीत होतं.

त्या सोमवारी बाबांनी कोठीतले सहा लॉट काढले, नळी पकडीत आवळली आणि प्रत्येक लॉटच्या पाच-पाच गोळ्या पन्नास मीटरवर मारल्या. मी दुर्बिणीतून बघून कुठली गोळी कुठे पडली ते कागदावर मांडत होते. पाच लॉट आमच्या नेहमीच्या महागड्या काडतुसांचे, एक लांब-जड गोळीचा. सगळ्यांचे ग्रूप, म्हणजे भोकांचे पुंजके, विस्कटले. जड गोळीने तर जवळजवळ तळ गाठला. तेव्हा आत्या बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “अरे, या नळीला जडच गोळी लागेल. जरा नीट बघू या का?” त्यावर बाबांचं ते डब्या मोजायचं वाक्य आलं. बाबांच्या स्वभावाला जो पीळ आहे तो कुठल्याही कारखान्यात मिळायचा नाही.

“शुक्रवारी जुनी नळी परत बसवायची,” बाबांनी निकाल दिला. “झिजली तर झिजली. निदान ओळखीची तरी आहे.”

संध्याकाळी मी टरफलं जमा करायला कोठीत गेले. मला वाटलं होतं, आत्या रडली असेल. ती माझे सोमवारचे सहा कागद टेबलावर पसरून बसली होती.

“जड गोळीच्या पाच कुठल्या क्रमाने पडल्या?”

“नंबर घातलेत बघ. पहिल्या तीन इकडेतिकडे. चौथी-पाचवी मात्र एकाच भोकात.”

“आणि जड लॉटच्या आधी कुठला मारला होता?”

“तो जास्त मेणाचा. लाल डबी.”

आत्याने कागदावर टिचकी मारली. “तुझा बाप कोच आहे, पण घाईचा आहे. प्रत्येक गोळीला तिच्या कारखान्याचं मेण असतं. ते नळीत बसतं. लॉट बदलला की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या आधीच्याच्या मेणावरून जातात. त्या धरायच्याच नसतात. ह्याने पाच मारल्या आणि निकाल लावला. म्हणजे परीक्षा एकाची आणि मार्क दुसऱ्याला.”

“मग त्यांना सांग ना!”

“सांगून ऐकणारा असता तर तुझी आजी सुखाने गेली असती.” तिने चष्मा काढून डोळे चोळले. “मला बोलला त्याचं वाईट वाटलं. नाही कसं वाटेल? लहानपणी त्याच्या बुटाच्या नाड्या मी बांधायचे. पण चूक माझी आहे, नळीची नाही. माझ्या चुकीपायी चांगली नळी फेकली जायला नको, आणि तुझी निवड तर मुळीच जायला नको. उद्या सहाला येशील?”

रेंज आठला उघडते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस आम्ही सहाला तिथे होतो. फाटकावरच्या वॉचमनला आत्याने एवढंच सांगितलं की तपासणी आहे, आणि ते खरंच होतं. ती आधी नळी पुसायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग वीस गोळ्या मातीच्या बांधात, कुठे पडल्या ते न मोजता. तिच्या तोंडी ‘न मोजता’ हे शब्द मी प्रथमच ऐकले. त्यानंतर टार्गेटवर दहा.

“पण जड गोळीच का?” मी विचारलं.

“गाठोडं सैल बांधलेलं असलं आणि तू ते हळू फिरवलंस तर काही होत नाही. गरागरा फिरवलंस की हात हिसडतो. ही नळी गरागरा फिरवते. हलक्या गोळीत बारीक खोट असली तरी ती इथे मोठी होते. लांब गोळीला मात्र एवढी गिरकी लागतेच, नाहीतर ती वाटेत डुलते.” ती थांबली. “हे झालं पुस्तकातलं. नळी पुस्तक वाचत नाही. म्हणून मारून बघायचं.”

आणि खरंच, कोठीत जड गोळीचे तीन लॉट होते, तिन्ही एकाच नावाचे, एकाच रंगाच्या डबीतले. पहिला बरा निघाला. दुसरा साफ वाईट. गुरुवारी सकाळी तिसऱ्याच्या दहा गोळ्या संपल्या तेव्हा मी दुर्बिणीत बघतच राहिले. मला वाटलं, निम्म्या गोळ्या टार्गेटबाहेर गेल्या असाव्यात, कारण भोक एकच दिसत होतं.

“ओरडू नकोस,” आत्या म्हणाली. “पुन्हा मारू.”

शुक्रवारी बाबा पाना घेऊन आले. जुनी नळी टेबलावर होती. आत्या कोठीतून बाहेर आली आणि तिने टार्गेटचं एक कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. दहा गोळ्या, अंगठ्याच्या नखाखाली झाकतील इतक्यात.

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “एकदा लागतं असं, ताई. नशिबानंही लागतं.”

“बरोबर आहे तुझं. म्हणून पाचदा मारलं.”

तिने आणखी चार कार्डं काढली, पाचही एकावर एक ठेवून कडा जुळवल्या आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. पन्नास गोळ्यांच्या त्या एका भोकातून खिडकीबाहेरच्या भिंतीचा चुना दिसत होता. बाबा वाकले आणि त्यांनी त्यातून एक डोळा मिटून बघितलं. मग पाना खिशात टाकला.

“वीस गोळ्या बांधात घातल्या होत्यास?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी पाचच मारल्या.”

“माहीत आहे मला.”

एवढंच. माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. पाना खिशात गेला की समजून घ्यायचं.

रविवारी माझ्या साठ गोळ्यांचं सविस्तर वर्णन मी करणार नाही, कारण मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चाळिसाव्या गोळीनंतर माझं मन घाबरायचं थांबलं. गोळी चुकली तर ती माझी चूक, डबीची नाही, हे मला ठाऊक होतं, आणि असं ठाऊक असणं फार सुखाचं असतं. निकालाचा कागद लागला. माझं नाव तिसरं. बाबांनी ते बोटाने तीनदा वाचलं. मी वळून पाहिलं, पण आत्या मागे टरफलं मोजून पिशवीत भरत होती आणि साठ झाल्याशिवाय ती वर बघणार नव्हती.

तेवढ्यात मोठ्या क्लबचे कोच आले. मोठ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. नऊ इंचांच्या पिळाची नळी ऐकून आठवडाभर सगळ्यात जास्त हसलेले हेच. त्यांनी बाबांचा हात जोरात हलवला.

“सर, मानलं तुम्हाला! त्या नळीतून हे काढलंत? लॉट कुठला निवडलात, सांगा की.”

मी बाबांकडे बघितलं. आयुष्यभर ते अशा वेळी ‘आम्ही’ म्हणत आले आहेत, आणि त्या ‘आम्ही’त कोण कोण असतं ते कधी कोणाला कळलेलं नाही.

“मी नाही निवडला,” बाबा म्हणाले. “माझा तर चुकला होता. आमच्या ताईनं निवडला. तिला विचारा.”

मिशीवाले आत्याला वीस वर्षं ओळखत होते, म्हणजे तिच्याकडून डब्या घेत होते. ते तिच्या टेबलापाशी गेले. आधी थोडे घुटमळले, मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“ताई, आमच्याकडेही एक नळी नीट लागत नाही. जरा सांगाल का?”

आत्याने पिशवीची गाठ मारली. समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलले.

“बसा. आधी पीळ किती ते सांगा.”

त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि ते बसले. टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या. बाबा तिच्या मागे उभे राहिले, हाताची घडी घालून.