पट्टी संपली तिथून पुढे

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं ऑफिसात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. तीस वर्षं सरकारी इमारती बांधून ज्याला राग येत नाही, तो माणूस एक तर संत असावा किंवा काहीच काम करत नसावा. मी संत नाही.

शेवटचं काम म्हणून माझ्याकडे हॉस्पिटल आलं होतं. नदीकाठची सपाट जागा मीच निवडली होती. रस्ता जवळ, वीज जवळ, खोदायला मऊ जमीन. अख्खी इमारत व्हायला दीड वर्ष लागणार होतं, म्हणजे बरोब्बर माझ्या निवृत्तीपर्यंत. पण तळमजला आधी सुरू करायचा आणि त्यातही डायलिसिसचा विभाग सगळ्यात आधी, दहा महिन्यांत, असं मी हट्टाने मंजूर करून घेतलं होतं. त्या हट्टाचं कारण माझ्या घरातच होतं.

माझी ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून आमच्याकडेच असते. दोन्ही किडन्यांनी हात टेकलेत. आठवड्यातून तीनदा अडीच तास बसने जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं, पुन्हा अडीच तास बसने यायचं. परत येते तेव्हा चप्पल काढायचंही त्राण नसतं, आणि तरी "अरे छोट्या, जेवलास का?" असं विचारते. मी छप्पन्न वर्षांचा, डोक्यावर केस मोजके, पण तिच्या लेखी छोट्याच.

नकाशा मी पहिल्यांदा तिलाच दाखवला. तिने चष्मा लावून डायलिसिसची खोली शोधली, एका खाटेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी. खिडकीजवळची. दुसऱ्या कुणाला दिलीस तर याद राख." नव्या हॉस्पिटलपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. "दहा महिने काढ," मी म्हणालो, "मग चालत जाशील." ती हसली. पण त्या दिवसापासून ती महिने मोजायला लागली, हे मला बायकोने सांगितलं.

सगळं जुळत आलं आणि माशी शिंकली. हवामान आणि पूर यांच्या धोक्याचा आढावा तेवढा बाकी होता. त्यासाठी बाहेरून एक भूगर्भ अभ्यासक आल्या. तिशीच्या, पाठीवर भली मोठी सॅक, नखांत माती. आमच्या ऑफिसने दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव माती मॅडम ठेवलं.

मी त्यांच्यापुढे पुराचं रजिस्टर ठेवलं. आमच्या ऑफिसची शान आहे ते. जुन्या पुलाच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी आहे, आणि कुणी ना कुणी नव्वद वर्षं रोज सकाळी ती वाचून आकडा लिहिलाय. सगळ्यात मोठा पूर रजिस्टर सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीचा: नऊ मीटर साठ. तीन दिवस ओळीने तोच आकडा. मी हॉस्पिटलचं जोतं, म्हणजे तळमजल्याची फरशी, साडेअकरा मीटरवर धरलं होतं, म्हणजे त्या पुराच्याही जवळजवळ दोन मीटर वर. नवीन पोरांना शिकवताना मी हे उदाहरण द्यायचो.

"रजिस्टर फार छान आहे, सर," त्या म्हणाल्या. "पण नव्वदच वर्षांचं आहे. नदीला विचारलंय का?"

"नदी बोलायला लागली तर मला आधी कळवा," मी म्हणालो.

त्या चिडल्या नाहीत. "उद्या सकाळी वेळ काढा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडीने पलीकडे गेलो. आमच्या जागेच्या बरोब्बर समोर नदीला उभा कडा आहे. तो चढताना माझ्या छातीचा भाता झाला होता आणि तोंडाने माझी कुरकुर चालूच होती. चांगले पाच मजले वर गेल्यावर कड्यात एक कपार लागली, चार माणसं वाकून बसतील एवढी. माती मॅडमनी आधीच आत जाऊन खुरप्याने माती उभी, सरळ कापून ठेवली होती आणि थोडी तपासायला पाठवलीही होती. त्यांनी बॅटरीचा उजेड त्या कापावर टाकला.

थर होते. एकावर एक, भिंतीला रंगाचे हात दिल्यासारखे. पिवळट, मग राखाडी, मग पुन्हा पिवळट.

"राखाडी आहे ती छतातून गळून पडलेली भुकटी," त्या म्हणाल्या. "आणि पिवळा म्हणजे गाळ. पूर इथवर चढला की या कोपऱ्यात पाणी शांत होतं आणि आपला गाळ खाली ठेवून जातं. एक पिवळा थर, एक पूर."

मी मोजले. अकरा होते. पुन्हा मोजले. अकराच.

मी बोट लावलं. पिठाहून मऊ गाळ होता. बाहेर बघितलं तर नदी पार खाली, पाच मजले खाली, निमूटपणे चाललेली. बोट गाळावर आणि नजर त्या पाण्यावर, आणि मधल्या एवढ्या रिकाम्या हवेत एके काळी नदी भरलेली होती, हे मला एकदम समजलं. डोक्याने नाही, अंगाने समजलं. सर्रकन काटा आला. अकरा वेळा ती इथे येऊन गेली होती आणि दर वेळी स्वतःच्या हाताने नोंद करून गेली होती, आणि मी नव्वद वर्षांचं रजिस्टर मिरवत होतो. मला भीती वाटली नाही. एखाद्या फार मोठ्या माणसासमोर आपण नकळत उभे राहतो ना, तसा मी त्या बुटक्या कपारीत जमेल तेवढा ताठ झालो. कुरकुर कधी थांबली ते मला कळलंच नाही.

"किती जुने?" मी हळू आवाजात विचारलं.

"सगळ्यात खालचा दोन हजार वर्षांच्या आसपास. सगळ्यात वरचा मात्र नवा आहे. प्रयोगशाळा म्हणते, ऐंशी ते शंभर वर्षं."

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. "शक्यच नाही. तो पूर माझ्याकडे नोंदलेला आहे. नऊ साठ! इथे कुठून पोचेल तो?"

"मग मोजू या," त्या म्हणाल्या.

लेव्हलचं यंत्र मी सोबत आणलंच होतं. कपारीच्या तोंडाशी ते असं लावलं की दुर्बिणीची आडवी रेघ वरच्या गाळाच्या बरोबर पातळीत आली. आता फिरवून समोरच्या काठावर बघायचं, म्हणजे हीच पातळी हॉस्पिटलच्या जागेवर किती उंच येते ते दिसेल. पलीकडे त्या जागेवर आमचे मोजणीदार मापाची घडीची पट्टी घेऊन उभे होते. माझ्याच वयाचे, माझ्याइतकेच वैतागलेले. मी फोन केला.

"पट्टी पूर्ण उघडा."

"पूर्णच आहे साहेब. पाच मीटर."

मी पुन्हा डोळा लावला. पट्टीचं टोक दिसत होतं, पण रेघेच्या खाली. रेघ पट्टीच्या वर, नुसत्या आभाळात होती.

"साहेब, काय लिहू?" ते विचारत होते. "पट्टी तर संपली. पाच लिहून टाकू का?"

मी दुर्बिणीवरून डोळा काढला. पट्टी संपली. पाच लिहून टाकू का. जुन्या पुलाच्या खांबावरच्या पट्टीचा सगळ्यात वरचा आकडा किती आहे? तीस वर्षं मी रोज त्या पुलावरून जातोय. नऊ साठ. त्याच्या वर दगड आहे, आकडा नाही. त्या पुरात आकडा लिहिणाऱ्या माणसाने तीन दिवस सकाळी येऊन पाहिलं, पट्टी दिसतच नव्हती, आणि त्याने बिचाऱ्याने इमानाने जो शेवटचा आकडा होता तो लिहिला. आणि पुढे रजिस्टर तपासताना आम्ही शिकलेल्या लोकांनी शेरा मारला: पातळी तीन दिवस स्थिर. तो शेरा माझ्या अक्षरात आहे. नदी कधी तीन दिवस एका आकड्यावर उभी राहते का? हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही.

"जीपच्या बॉनेटवर चढा," मी फोनवर म्हणालो. "आणि पट्टी तिथे धरा."

ते चढले. मी वाचलं. हिशेब करायला कागद लागला नाही. हॉस्पिटलच्या फरशीच्या वर पाच मीटर तीस. तळमजला बुडून पहिल्या मजल्यावर कमरेच्या वर पाणी.

"आणि हा झाला जुना हिशेब," माती मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आता पाऊस बदलतोय, सर. कमी वेळात जास्त पडतोय. बाराव्या थराची किती वाट बघावी लागेल, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

जागा बदलायची तर टेकडीच्या उतारावर जावं लागणार होतं. तिथे खडक फोडायचा, नवा रस्ता, नवी मंजुरी. हॉस्पिटल दोन वर्षं मागे, कदाचित अडीच. मोठ्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये नऊ साठ आहे ना? मग नऊ साठ. गुहेतल्या मातीवर कुणी इमारती हलवतं का? जागा अयोग्य आहे असं तुम्हीच लिहून सही केलीत तरच काम थांबेल. विचार करा." त्यांनी धमकी दिली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं. सगळं एका सहीवर आलं होतं, आणि ती सही माझी होती.

कागद मी तयार केला. दोन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. ऑफिसात सगळ्यांवर खेकसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "छोट्या, तोंड का पाडून बसलायस? आज माझा सुटीचा दिवस आहे. चल, मला माझी खाट दाखव."

मी तिला जागेवर घेऊन गेलो. इमारत नव्हतीच अजून. खुंट्या आणि चुन्याच्या रेघा. ती सावकाश चालत रेघा ओलांडत गेली आणि मी सांगितलं तिथे, खिडकीजवळच्या खाटेच्या जागी, उभी राहिली. तिथे मी तिला सगळं सांगितलं. कपार, थर, पट्टी, शेरा, खिशातला सहीचा कागद. काहीही झाकून ठेवलं नाही.

"किती उंच म्हणालास?"

"पाच मीटर तीस. फरशीपासून."

"आकडे सांगू नकोस रे मला. दाखव."

बांधकामाच्या सामानात लांब बांबू होते. मोजणीदारांनी आणि मी दोन बांबू एकमेकांना बांधले, मापाच्या ठिकाणी लाल फडकं बांधलं आणि तिच्या शेजारी उभे केले. ताईने वर पाहिलं. आणखी वर पाहिलं. मान पार मागे गेली, चष्मा घसरला, तो तिने हाताने धरून ठेवला. फडकं वाऱ्यावर हलत होतं.

"अगं बाई," ती म्हणाली. फक्त एवढंच, आणि लहान मुलीसारखं तोंड उघडं टाकून बघत राहिली.

मग वर बघतच तिने विचारलं, "वरच्या जागेवर कधी होईल?"

"दोन वर्षं. अडीचही लागतील."

"मी असेन-नसेन."

खिशातला कागद मी नुसता मुठीत धरला होता.

"यंत्राला जोडलं ना, की चार तास उठता येत नाही, छोट्या," ती म्हणाली. "दोन सुया, दोन नळ्या. बाथरूमलासुद्धा जाता येत नाही. आमच्या खोलीत एका वेळी आठ जणी असतो. पाणी आलं असतं तर आम्हाला कुणी सोडवलं असतं रे?"

तिने माझ्यापुढे हात केला. मी कागद दिला. तिने घडी उलगडून तो वाचला, हाताने सपाट केला, स्वतःच्या पर्समधून पेन काढलं आणि दोन्ही मला परत दिले.

"कर सही," ती म्हणाली. "आणि वर बांध. चांगलं वर बांध."

मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. वळून पाहिलं तेव्हा ताई तिथेच, चुन्याच्या रेघांच्या आत, त्या फडक्याकडे बघत उभी होती.